चुलीवाचून अडलेलं स्वयंपाकघर

स्वयंपाकघराचं काम अंगावर घ्यायचं नाही, असं माझे वडील बजावून सांगत. देवळाचं घे, गोठ्याचं घे, मांडवाच्या मेढी रोव, पण बायकांच्या राज्यात पटाशी घेऊन शिरू नकोस. वडिलांचं बाकी सगळं मी ऐकलं. एवढं एक ऐकलं नाही, आणि त्यामुळे आयुष्यात जितका गोंधळलो तितका दुसऱ्या कशाने गोंधळलो नाही.

मी भिसेगावचा सुतार. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतली घरं बांधण्यात, पाडण्यात आणि डागडुजी करण्यात माझी उमर गेली. या अंकासाठी आठवणी लिहा म्हणून सांगणं आलं तेव्हा नातू म्हणाला, आजोबा, मोठमोठ्या कामांचं लिहा. मोठी कामं केली, नाही असं नाही. पण त्यांत सांगण्यासारखं काय? वासा सरळ असला तर बसतो, वाकडा असला तर तासावा लागतो. लाकडाचं मला कळतं. माणसांचं विचाराल तर अजून चाचपडतो आहे, म्हणून माणसांचंच लिहितो.

आजच्या वाचकांना आधी घर समजावून द्यायला हवं. आमच्या बाजूचं शेतकऱ्याचं घर म्हणजे पुढे ओटी, मध्ये माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर. मधल्या भिंती विटांच्या नसत. डोंगरातून कारवीच्या काठ्या आणायच्या, उभ्या ओळीने बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या. याला कूड म्हणतात. पुरुष आणि पोरं माजघरात जेवायची. त्यांचं उरकलं की बायका कुडाच्या आत, चुलीशेजारी बसून जेवायच्या. जेवणाची वेगळी खोली ही भानगड कुणाला ठाऊक नव्हती.

लढाई सुरू झाली, मुंबईकर मंडळी गावाकडे येऊ लागली आणि लोकांच्या डोक्यात नवनवीन बेत शिरले. कर्जत स्टेशनाजवळ राहणाऱ्या एका पेन्शनर गृहस्थांनी माझ्याकडून सागवानी टेबल करून घेतलं. सगळ्या कुटुंबाने साहेबलोकांसारखं त्याच्याभोवती बसून जेवायचं, असा त्यांचा हुकूम होता. त्यांच्या मंडळींनी टेबल पाहिलं आणि लाकडाला खरकटं लागलं तर ते शुद्ध कसं करायचं, एवढंच विचारलं. मग गृहस्थ एकटे वर बसून जेवत आणि बाकीचं घर खाली पाटावर. नातवंडांनी टेबलाखाली जेवायचा खेळ सुरू केला. शेवटी त्यांनी मला बोलावून पाय कापायला लावले. कापले. झाला एक भला थोरला पाट. त्यावर कुणी बसेना, कारण मुळात ते टेबल होतं.

ते काम हसण्यावारी गेलं. खालापूरच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठावरच्या एका गावातलं काम तसं गेलं नाही.

घर बाळोबांचं. माणूस मेहनती, आवाजाने मोठा, मनाने सरळ. भाताची शेती, दोन बैल, एक दुभती म्हैस. त्यांच्या बायकोला सगळा गाव वैनी म्हणायचा, मीही तेच म्हणायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाळोबांचा धाकटा भाऊ गणपत मुंबईला कारखान्यात होता. जपानची विमानं येणार, मुंबईवर बाँब पडणार, अशी हूल उठली तेव्हा त्याने बायकोला, म्हणजे शेवंतीला, आणि चार पोरांना गावी आणून सोडलं आणि स्वतः नोकरीवर परत गेला. दोन माणसांच्या घरात एकदम सात माणसं झाली.

शिमग्याला गणपत आला तेव्हा त्याने पाहिलं की त्याची बायको आणि वहिनी सगळ्यांच्या मागून, धुरात, अंधारात बसून जेवतात. मुंबईत त्यांच्या एका खोलीत सगळे एकत्रच जेवत, कारण दुसरी जागाच नव्हती. त्याने भावाला म्हटलं, मधला कूड काढून टाकू, माजघर आणि स्वयंपाकघर मिळून एक ऐसपैस खोली करू, चूल पूर्वेच्या कोपऱ्यात घेऊ, धूर जायला वाट करू आणि घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीला बसू. बाळोबांना हे इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी मला निरोप आला.

मी गेलो, गज टाकून मापं घेतली आणि सगळं समजावून सांगितलं. बाळोबा खूश. शेवंती लाजून हसत होती. वैनी दारात उभ्या होत्या. मी जायला निघालो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की बाकीचं सगळं आधी करा, कूड शेवटी काढा, नवी चूल बसल्याबिगर कुडाला हात लावायचा नाही. मला ते शहाणपणाचं वाटलं. कूड काढला आणि जुनी चूल तिथेच राहिली तर सगळ्या घरात धूर.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सुतार घर बांधतो, पण चूल घालत नाही. गवंडीही घालत नाही. चूल घालते घरची बाई. वारुळाची माती आणायची, तूस मिसळून मळायची, हाताने घडवायची आणि चांगला दिवस पाहून मांडायची. त्यात पुरुषाने लुडबूड करायची नाही. आणि चूल हीच घराची खूण. घरं फुटली असं आम्ही म्हणत नाही, चुली वेगळ्या झाल्या म्हणतो. तेव्हा मी काहीही केलं तरी खोलीचं स्वयंपाकघर वैनींच्या हातानेच व्हायचं होतं.

चैत्रात काम सुरू केलं. पूर्वेला खिडकी काढली. वैनी म्हणाल्या, वारा थेट येतो, जाळ ठरायचा नाही. बरोबर होतं. मी खिडकीला फळ्या बसवल्या. त्या म्हणाल्या, आता अंधार पडतो. तेही बरोबर. मग छपरात चार कौलं उचलून धुराडं केलं, म्हणजे उजेड येईल आणि धूर जाईल. त्यावर म्हणाल्या, पावसात निवा, म्हणजे राखेखालचा विस्तव, विझेल. मी धुराड्यावर झाकण केलं. मग त्यांना जमिनीचा उतार चुकला असं वाटलं. जमीन परत चोपली. दर खेपेला त्यांचं म्हणणं बरोबर असायचं, म्हणून मला भांडताही येईना.

एकदा कूड आणि बाहेरची भिंत यांच्या कोपऱ्यातली भाताची कणगी हलवायची वेळ आली. मी म्हटलं, दोन गडी लावून सरकवतो. वैनी आडव्या उभ्या राहिल्या. कणगी भरलेली हाय, फुटंल, हात लावू नका. भरलेली कणगी हलवणं धोक्याचं असतं, हे मलाही ठाऊक होतं. मी हात मागे घेतला.

मग माती. बाळोबांनी वारुळाची माती आणली, ती रेताड निघाली. दुसरी आणली, तिच्यात मुंग्या. तिसरी चांगली होती, तर दिवस चांगला मिळेना. त्या साली ज्येष्ठ अधिक आला. अधिकात नवी चूल घालायची नाही, हे मीच बाळोबांना सांगितलं. पुढे निज ज्येष्ठ लागला, तोच पाऊस सुरू झाला आणि माती वाळणार कशी, हा प्रश्न आला. मी अवजारं गुंडाळली आणि घरी आलो.

भिसेगावात बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला चूल घालायची नाहीये. मी म्हटलं, का? तिच्या भल्यासाठीच चाललंय ना? धुरातून सुटका, सगळ्यांबरोबर जेवण, कोण बाई नको म्हणेल? बायको म्हणाली, ते मला काय ठाऊक, पण बाई जेव्हा मातीत खोड काढते तेव्हा खोड मातीत नसते. पाऊसभर मी त्याच विचारात होतो. वैनींना जावेबरोबर राहायचं नाही म्हणावं, तर शेवंतीच्या पोरांना त्या स्वतःच्या पोरांसारखं करत. कोपऱ्यावरचा हक्क जातो म्हणून वाईट वाटतं म्हणावं, तर हक्क गाजवणारी ती बाई नव्हे. माझं डोकं चालेना.

गावाचं डोकं मात्र चाललं. सामान तयार, खोली तयार आणि चूल काही बसत नाही, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. थोरलीला धाकटी नको, घर वेगळं होणार. नदीवर, रानात, देवळाच्या पायरीवर हेच. गणपतीत गणपत सुट्टीवर आला तेव्हा हे त्याच्या कानावर गेलं. त्याने भावाला टोचून विचारलं. बाळोबांनी बायकोला विचारलं. वैनींनी सांगितलं, माती वाळंना. गणपतने बायकोला म्हटलं, इथे अपमान करून घेण्यापेक्षा मुंबईला चल, बाँब पडला तर पडला. शेवंती रडली. मोदक झाले, आरत्या झाल्या, पण दोघे भाऊ एकमेकांशी धड बोलले नाहीत आणि गणपत तसाच गेला. जाताना एवढं सांगून गेला की दसऱ्यापर्यंत काय ते ठरवा.

हे सगळं मला नंतर कळलं. भाद्रपद सरता सरता पावसाने जरा उघडीप दिली, तेव्हा धुराड्याजवळ गळतंय म्हणून बाळोबांनी बोलावलं आणि मी गेलो.

छपरावर चढण्याचा आमचा एक रिवाज आहे. चढण्याआधी मोठ्याने हाक द्यायची, वर येतो, म्हणून. कौलं निघाली की घर आतून उघडं पडतं. बायाबापड्यांना पदर सावरायला, उठून आत जायला वेळ मिळावा म्हणून ही हाक. वडिलांनी मला गज धरायच्या आधी ही हाक द्यायला शिकवलं होतं. आणि वरून जे दिसेल ते खाली उतरवायचं नाही, हेही तेव्हाच शिकवलं.

सकाळी मी हाक दिली होती. दुपारी खाली उतरून ओटीवर जेवलो. कारागिराला दुपारचं जेवण घरातूनच मिळायचं. भात होता, डाळीचं पाणी होतं, अळूचं फतफतं होतं. वैनींनी आग्रह केला, मी दुसऱ्यांदा भात घेतला. मग धुराड्याचं एक कौल बसवायचं राहिलं होतं, म्हणून चटकन वर गेलो. दोन घटकांचं काम, हाक द्यायची राहिली.

कौल उचललं आणि खाली नजर गेली. कुडाआड वैनी एकट्या बसल्या होत्या. शेवंती नदीवर धुणं घेऊन गेली होती. पोरं अंगणात. वैनींनी भाताचं भांडं पुढे ओढलं, त्यात पाणी ओतलं, बोटांनी कडा खरवडल्या, चिमूटभर मीठ टाकलं आणि ते पाणी प्यायल्या. मी म्हटलं, उपास असेल. पण उपासाला कुणी भाताचं भांडं खरवडत नाही. मग त्यांनी एक स्वच्छ ताट घेतलं. भांड्याच्या तळाला चिकटलेली दोन-चार शितं त्या ताटाला फासली, डाळीचा हात पुसला, अळूची एक शीर कडेला ठेवली. ताट खरकटं केलं आणि शेवंतीच्या खरकट्या ताटावर ठेवून दिलं.

मला काही सुधरेना. कौल हातात धरून मी तसाच बसून राहिलो. न जेवता ताट खरकटं कशाला करायचं? मग हळूहळू एकेक गोष्ट जुळत गेली. खिडकीतला वारा, मुंग्यांची माती, कणगीला हात लावू न देणं. कणगी भरलेली नव्हतीच. दोघांपुरतं भात, त्यावर सात माणसं जेवत होती. बाळोबा कणगीत कधी डोकावले नसणार, ते काम वैनींचं. आणि कूड होता तोवर आत कोण किती जेवतं हे कुणाला दिसत नव्हतं. शेवंतीला आधी वाढून नदीवर धाडायचं, आणि ती परत आली की तिला दिसावं म्हणून ते खरकटं ताट. आम्ही मोठ्या कौतुकाने तोच कूड काढायला निघालो होतो. एका पंगतीला बसायचं म्हणजे सगळ्यांच्या पानात सारखं दिसायला हवं, आणि तेवढं भांड्यात नव्हतं.

दुसऱ्यांदा घेतलेला भात आठवून मला शरमेने कसंतरी झालं. कौल बसवून खाली उतरलो.

खाली बाळोबा वाटच पाहत होते. मला ओटीच्या टोकाला नेऊन हळू आवाजात बोलले. हा माणूस हळू बोलतो हेच मी पहिल्यांदा पाहत होतो.

"मिस्त्री, आता तो कूड काढू नका. सैपाकघराच्या मधी दुसरा घाला. माजघराचेबी दोन भाग करा. दोन चुली व्हतील. दसऱ्याला गणपत यायच्या आधी काम झालं पायजे."

मी विचारलं, वैनींना विचारलंत का?

"तिला काय इचारायचं? सा म्हैनं चूल घालंना ती. तिच्या मनात काय हाय त्ये समद्या गावाला कळलंय. पोटी पोर नाय, दुसऱ्याची पोरं कशी सोसतील?"

बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बायकोवर त्यांचा राग नव्हता, दुःख होतं, आणि ते दुःख चुकीच्या जागी उभं होतं. माझ्या जिभेवर सगळं आलं. एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. पण काय झालं असतं? बाळोबा चिडले असते, गणपतला कळलं असतं, तो दुसऱ्या दिवशी येऊन बायकापोरांना मुंबईला घेऊन गेला असता. का भावाभावांनी मिळून काहीतरी मार्ग काढला असता? मला ठरवता येईना. मी म्हटलं, माप घेतो, आणि आत गेलो.

वैनी भांडी गोळा करत होत्या. माझ्या हातातला गज पाहून त्यांनी दुसऱ्या कुडाचं ओळखलं.

"दादा, तुमी वर व्हतात का आत्ता?"

"होतो."

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "हाक नाय दिलीत."

"चुकलं, वैनी."

"ऱ्हाऊ द्या. हळवं भात पिवळं पडलंय. दिवाळीच्या आधी झोडून घरात येईल. मंग मी चूल घालते, तुमी कूड काढा. तवर ह्या घरात दुसरी भिंत घालू नका."

मी म्हटलं, तुम्ही बाळोबांना सांगा ना. का सोसता?

"सांगितलं तर ते धाकल्याला बोलवतील. मंग तो पोरांना घेऊन जाईल. तितं बाँब पडला तर? चार पोरं हायत, दादा." त्यांनी पदराने भांड्याची कड पुसली. "घरात पोरं जेवताना बगितली का माझं पोट भरतं. खोटं नाय सांगत."

ते खरं होतं की खोटं, मला अजून सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, हे मी शपथेवर सांगेन. गळ्याची हाडं वर आली होती, हेही सांगेन.

मी बाहेर आलो आणि बाळोबांना सांगितलं, कूड घालतो, पण कारवी ओली आहे. पावसाळ्यात तोडलेल्या कारवीला कीड लागते, वर्षभरात भुगा होतो. कर्जतकडच्या कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतले ठाकर दिवाळीनंतर वाळलेली कारवी उतरवतात, ती आणू. हे खोटं नव्हतं. बाळोबा म्हणाले, बांबू लावा. मी म्हटलं, बांबूला खिळे लागतील, आणि लढाईत खिळे कुठे मिळतात? हे मात्र अर्धं खोटं होतं. कूड सुंभाने बांधतात, खिळे लागत नाहीत. बाळोबांना ते ठाऊक असायला हवं होतं. कदाचित ठाऊक होतं. भिंत उशिरा झाली तर त्यांनाही हवंच असावं. त्यांनी एवढंच म्हटलं की बरं, दिवाळीनंतर घाला.

आता गणपतचा प्रश्न होता. दसऱ्याला तो येणार, तेव्हा काय सांगायचं? मी दसऱ्याला मुद्दाम त्या गावी गेलो, सोनं द्यायच्या निमित्ताने. गणपत ओटीवर होता. मी स्वतःहूनच सांगितलं की खोलीचं काम माझ्याकडून लांबलं, उतार चुकला, धुराडं गळलं, सगळा दोष माझा, वैनींचा नाही. तो माझ्याकडे संशयाने पाहत राहिला. मग म्हणाला, मिस्त्री, तुम्ही एवढे वाईट कारागीर असाल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, असतो एकेकाचा दिवस. खालापुराकडे माझं नाव त्या वर्षी बरंच खराब झालं. एका घराने दिलेलं काम काढूनही घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच हेही कळेना की मी शहाणपणा केला की मूर्खपणा. कारण मी बोललो नाही म्हणून ती बाई आणखी इतके दिवस पाणी पिऊन राहणार होती.

माझ्याकडून एवढंच झालं की जाताना माझ्या घरची नाचणी एका पिशवीत घालून नेली आणि वैनींना म्हटलं, वाईट कारागिराची भरपाई समजा. त्यांनी घेतली. भाकऱ्या कोणी खाल्ल्या असतील ते मला ठाऊक आहे.

हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापलं, झोडलं, घरात आलं. दिवाळीच्या आधी चार दिवस निरोप आला, मिस्त्रींना पाठवा, वैनींनी चूल घातली. मी गेलो तर पूर्वेच्या कोपऱ्यात चूल तयार होती. जोड चूल, कडेला भांडं गरम ठेवायला वैल, कडा बोटांनी गुळगुळीत केलेल्या, वर गेरूची रेघ. इतक्या वर्षांत इतकी नेटकी चूल मी पाहिली नव्हती. जिला चूल घालता येईना असं सगळा गाव म्हणत होता, त्या बाईने ती दोन दिवसांत घडवली होती. मी कूड काढला. कारवीच्या काठ्या मोकळ्या झाल्या, मातीचा धुरळा बसला आणि पहिल्यांदा ओटीवरून थेट मागच्या दारातला उजेड दिसला. बाळोबा मधोमध उभे राहून चारी बाजूंना बघत राहिले. गावाने म्हटलं, चला, थोरलीचं मन पालटलं. कुणी म्हटलं, नवरात्रात देवीला कौल लावला होता. कुणाला काही ठाऊक नव्हतं आणि प्रत्येकजण ठासून सांगत होता.

नव्या चुलीवर आधी दूध उतू घातलं, मग नव्या तांदळाचा भात. ज्याने घर केलं त्याला पहिल्या पंगतीला बसवायचं असतं, म्हणून मला ठेवून घेतलं. गणपत दिवाळीसाठी आला होता. भावाभावांत बोलणं सुरू झालं होतं. सगळे एका ओळीत बसलो. बाळोबा, गणपत, पोरं, मी. समोरच्या ओळीत दोघी जावा बसणार होत्या. शेवंती हट्टाला पेटली की आज वैनी आधी बसतील आणि ती वाढेल. वैनी नको नको म्हणत होत्या. गणपतने उठून त्यांच्यासाठी पाट मांडला. शेवटी त्या बसल्या.

शेवंतीने त्यांच्या पानात भात वाढला, मग आणखी वाढला, मग आणखी. ढीग झाला तरी तिचा हात थांबेना. ती मान वर करून कुणाकडे पाहत नव्हती. तिला काही कळलं होतं का, ती रोज घासायची त्या ताटांवरून काही उमगलं होतं का, मी कधी विचारलं नाही.

नव्या भाताचा वास सगळ्या खोलीत भरला होता. पोरं हातघाईने जेवत होती. वैनींनी एक घास घेतला, सावकाश चावला. दुसरा घेतला. चौथ्या-पाचव्या घासाला त्यांचा हात पानात थांबला. त्या भाताकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, जात नाय गं आता.

"वैनी, थोडं तरी," शेवंती म्हणाली.

"खरंच जात नाय."

बाळोबा मोकळेपणी हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो मोठा आवाज घरात घुमला.

"तिला आग्रह नगं करू. पयल्यापासून तिचं खाणंच येवढं. लगीन झाल्यापासनं बगतोय मी."

वैनींनी मान डोलावली. त्यांनी आपल्या पानातल्या भाताचे हातानेच दोन वाटे केले, एक धाकट्या पोराच्या पानात सारला, दुसरा त्याच्या भावाच्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि शेवंतीला म्हणाल्या, मिस्त्रींना वाढ, त्यांच्या पानात काय नाय.

शेवंतीने वाढलं. मी नको म्हटलं नाही. पान पुसून जेवलो.